सोमवारची तपासणी

आईचं कपाट आवरताना माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक सापडलं. साल १९७७-७८. कोपऱ्यांना कसर लागलेली, पुठ्ठा सुटलेला. गुणांच्या रकान्यांखाली एक आडवी पट्टी आहे: उंची, वजन, दात, डोळे, सर्वसाधारण स्वच्छता. उंची आणि वजन सहामाहीला भरलेलं, वार्षिकला कोरं. उरलेल्या तिन्ही चौकोनांत बाईंच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द, ‘ठीक’. त्या वर्षी माझ्या दोन दाढा किडलेल्या होत्या. रात्री लवंगेचं तेल लावून मी रडत झोपायचे, आणि मे महिन्यात त्यातली एक काढावी लागली. प्रगतिपुस्तकात मात्र दात ठीक आहेत.

शाळा वांद्रे पूर्वेची, मराठी माध्यमाची. नाव सांगायची गरज नाही. तेव्हाच्या बहुतेक शाळांत हेच चाले. दर सोमवारी प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की वर्गात जायच्या आधी रांगेत तपासणी. हात पुढे, आधी पालथे मग उताणे. नखं वाढलेली असली तर बोटांच्या पेरांवर फूटपट्टीची कड. मग दात, कान, छातीवर सेफ्टी पिनेने टोचलेला रुमाल, गणवेश, आणि शेवटी केस. बाईंना एकटीला चाळीस-पन्नास मुलं बघणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बालमंत्रिमंडळात एक आरोग्यमंत्री नेमलेली असे. तिसरीत ती मी होते. माझ्याकडे एक वही होती आणि केसांत भांग पाडून बघायला एक पेन्सिल. वहीत मी नावं लिहायची आणि बाई ती मोठ्याने वाचायच्या.

त्या वहीत एक नाव वारंवार येई. माझ्याच बाकावर बसणारी मुलगी, खाडीच्या बाजूच्या वस्तीतून येणारी. आधी ‘गणवेश’ या सदराखाली आणि मग एका सोमवारी ‘केस’ या सदराखाली मी तिचं नाव लिहिलं. बाईंनी तिला घरी पाठवलं. तीन दिवसांनी ती आली ती डोक्याचा गोटा करून. मुलांनी तिला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. चौथीच्या वर्गात ती नव्हती.

उवा माझ्याही डोक्यात होत्या. पण आमच्याकडे रविवारी संध्याकाळी आई मला गुडघ्यांत धरून बसायची, मांडीवर पांढरा पंचा पसरायची आणि बारीक दातांच्या लाकडी फणीने तासभर विंचरायची. सोमवारी मी उत्तीर्ण.

मी इतिहासाची पदवीधर नाही. विमा कार्यालयातली नोकरी सोडल्यावर वाचायला सवड मिळाली आणि जुन्या अहवालांचा नाद लागला. ही तपासणी कुणी सुरू केली, कशासाठी, आणि तिच्यातून नेमकं काय साधलं, हा प्रश्न त्या प्रगतिपुस्तकाने पुन्हा पुढे आणला. उत्तर शोधायला सुरुवात करावी लागली ती इंग्लंडपासून, कारण आपल्या शाळांच्या पुष्कळ चालीरीतींची पाळंमुळं तिथे आहेत.

तिथे शाळा सक्तीची झाली १८८० मध्ये. त्याआधी गरिबांची मुलं गिरणीत, गल्लीत, घरात विखुरलेली होती. सक्ती झाल्यावर ती एका खोलीत, एका उजेडात येऊन बसली, आणि पहिल्यांदाच सरकारला दिसलं की ही मुलं बुटकी आहेत, बहिरी होताहेत, फळ्यावरचं अक्षर त्यांना दिसत नाही. ब्रॅडफर्डसारख्या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात मार्गारेट मॅकमिलन या कार्यकर्तीने शाळा मंडळावर निवडून येऊन मुलांच्या तपासणीचा आणि शाळेतल्या स्नानगृहांचा आग्रह धरला. पण लंडनच्या सरकारला जाग आली ती वेगळ्याच कारणाने. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात सैन्यभरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने नापास होऊ लागले. साम्राज्य सांभाळायला धड माणसं मिळेनात, म्हणून १९०४ मध्ये एका समितीने या ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी केली. १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा. मुलांच्या प्रेमापेक्षा फौजेची गरज मोठी होती, हे नोंदवून ठेवलेलं बरं.

या १९०७ च्या कायद्यात एक मेख होती. स्थानिक संस्थांवर तपासणी बंधनकारक होती, उपचार ऐच्छिक होते. म्हणजे डॉक्टरने मूल पाहायचं, दात किडलेत असं लिहायचं, चष्मा लागेल असं लिहायचं आणि पालकांना चिठ्ठी द्यायची. पुढे चष्म्याचे पैसे कुठून आणायचे, हे ज्याचं त्याने बघायचं. उपचारांची सोय करणं हे कर्तव्य ठरायला १९१८ चा कायदा यावा लागला, आणि ती सोय खऱ्या अर्थाने मोफत व्हायला १९४४ चा. तपासणीपासून उपचारापर्यंतच्या या प्रवासाला ३७ वर्षं लागली, तीही त्या काळच्या जगातल्या सगळ्यांत श्रीमंत देशांपैकी एका देशात.

उवांच्या बाबतीत मात्र घाई होती. १९०८ च्या कायद्याने अस्वच्छ मुलाचं डोकं पालकांनी साफ केलं नाही तर सरकारी माणसांनी ते करावं, असा अधिकार दिला. त्यातून शाळाशाळांतून फिरणारी परिचारिका आली. मुलांनी तिला नाव ठेवलं ‘निट नर्स’, म्हणजे लिखांवाली नर्स. तिथल्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणीत ती बसली आहे: बशीतलं जंतुनाशक पाणी, त्यात बुडवलेली फणी, आणि चिठ्ठी मिळालेल्या मुलाकडे वळलेल्या सगळ्या वर्गाच्या नजरा.

तीस वर्षं हे चाललं. दर वर्षीचे अहवाल सांगत होते की उवांचं प्रमाण घटतंय, काम फत्ते होत आलंय. मग १ सप्टेंबर १९३९ उजाडला. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतली मुलं, तान्ह्यांच्या आया, गरोदर बायका अशा सुमारे पंधरा लाख लोकांना काही दिवसांत खेड्यापाड्यांत हलवण्यात आलं. खेड्यांतल्या बऱ्या स्थितीतल्या घरांत लिव्हरपूल-लंडनच्या गल्ल्यांतली मुलं राहायला आली आणि एकच ओरड झाली: यांच्या डोक्यात उवा आहेत, अंगावर खरूज आहे, अंथरुणं ओली करतात, पायांत धड बूट नाहीत. शाळांचे अहवाल खोटे म्हणावेत, की यजमानीण बाईंचा कांगावा म्हणावा?

याचा निकाल केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने लावला. त्याची युक्ती मला फार आवडते, कारण ती कुणालाही सुचू शकली असती. त्याने शाळेचे आकडे बाजूला ठेवले आणि साथीच्या तापांच्या रुग्णालयांतल्या नोंदी काढल्या. गोवर-घटसर्प झालेलं मूल तिथे दाखल होई तेव्हा त्याचं डोकं तपासून नोंद केली जाई. मूल आजारी पडतं ते तारीख ठरवून नाही, त्यामुळे तिथे पोचलेलं डोकं हे रोजचं डोकं असे. १९४१ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. औद्योगिक शहरांतल्या शाळकरी मुलींपैकी जवळपास निम्म्या मुलींच्या डोक्यात उवा होत्या. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांतही प्रमाण तितकंच. मुलग्यांमध्ये ते वयाबरोबर कमी होत जाई, मुलींमध्ये तसं होत नसे. शालेय तपासणीचे आकडे याच्या जवळपासही नव्हते.

हे वाचताना मला आईची फणी आणि तो पांढरा पंचा आठवला. तपासणी कधी होते हे घरी ठाऊक असतं. जिला सवड आहे ती आदल्या दिवशी मुलीला साफ करते. जिला नाही तिची मुलगी सापडते. म्हणजे नर्सच्या वहीत जी नावं येत होती ती उवा असणाऱ्यांची यादी नव्हतीच, ती उवा लपवता न आलेल्यांची यादी होती. शिवाय साफ केलेली मुलगी रात्री धाकट्या भावंडांशेजारी झोपे, आणि त्या भावंडांपर्यंत शाळेची नर्स कधीच पोचत नसे.

इथे उवांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे आजही गैरसमज आहेत. डोक्यातली ऊ उडत नाही की उडी मारत नाही. ती डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. रक्त पिऊन जगते आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. तिला केस धुतलेले असले काय, तेलकट असले काय, सारखेच. लीख केसाच्या मुळाशी चिकटवलेली असते आणि आठवडा-दहा दिवसांत फुटते, म्हणून एकदा विंचरून भागत नाही. डोक्यातल्या उवांमुळे कुठलाही गंभीर रोग पसरत नाही. प्रलापक ज्वर पसरवते ती अंगावरच्या कपड्यांतली ऊ. मुलींच्या डोक्यात जास्त सापडतात त्याचं मोठं कारण मुली डोक्याला डोकं लावून खेळतात, कुजबुजतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. त्या घाण असतात म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर अलीकडच्या काळात स्पष्टच सांगितलं की उवा किंवा लिखा आहेत म्हणून निरोगी मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. आणि आपल्याकडे सीताफळाच्या बियांची पूड लावायची चाल आहे, ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, हेही जाता जाता सांगून ठेवते. रॉकेल लावण्याबद्दल तर बोलायलाच नको.

खरजेची गोष्टही अशीच. याच मेलनबीने युद्धकाळात शेफील्डला, लढाईला नकार देणाऱ्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेऊन प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली आतली वस्त्रं त्यांना घालायला दिली, त्यांच्या घोंगड्यांत झोपवलं. फारच थोड्यांना खरूज झाली. ती होत होती ती अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून. तोवर सरकार घोंगड्या उकळण्यावर पैसा खर्च करत होतं. प्रश्न घाणीचा कमी आणि एका खोलीत, एका सतरंजीवर किती जण झोपतात याचा जास्त होता. मुंबईत वाढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मुलं खेड्यांत गेल्यावर झालेल्या बोभाट्यातून १९४३ मध्ये ‘अवर टाउन्स’ नावाचा एक अहवाल निघाला. स्त्रियांच्या एका समाजकल्याण गटाने तो लिहिला होता. तो वाचताना दोन आवाज ऐकू येतात. एक आवाज आयांना बोल लावतो, त्यांना ‘समस्याग्रस्त कुटुंबं’ म्हणतो. दुसरा आवाज म्हणतो की नळ खाली अंगणात, खोली चौथ्या मजल्यावर आणि कोळसा महाग, अशा घरात मुलाला अंघोळ घालून दाखवा. तो लहान मुलांच्या शिशुशाळा मागतो. दुसऱ्या आवाजाकडे आकड्यांचं बळ होतं. युद्धानंतर १९५१ च्या जनगणनेतही इंग्लंड-वेल्समधल्या एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांना घरात अंघोळीची पक्की सोय नव्हती.

आता आपल्याकडे यायला हरकत नाही. पण आपल्याकडे ‘तपासणी’ या शब्दाला आधीच एक वास होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत मुंबई-पुण्याच्या लोकांनी तपासणी म्हणजे काय ते पाहिलं: घरात शिरणारे सैनिक, अंगणात उभ्या केलेल्या बायका, बाहेर फेकलेलं सामान, काखेत-जांघेत गाठ शोधणारे परके हात. पुण्यात २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे हे होतं. त्याच साथीत, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून मुंढव्याहून दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून फिरलात तर गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतात. त्यांतले कितीतरी त्या प्लेगच्या वर्षांत लोकांनी उभारलेले आहेत. मी रानवारमधून जाते तेव्हा ते बघते. शाळेत लस टोचणारे आले की मुलं मागच्या दाराने पळत, आणि घरचे त्यांना लपवत, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अडाणीपणाची वाटत नाही.

हिंदुस्थानात शाळकरी मुलांची पहिली रीतसर वैद्यकीय तपासणी झाली ती ब्रिटिश मुलखात नाही, बडोद्यात, १९०९ मध्ये. म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेल्या आणि दत्तक जाऊन गादीवर बसलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं होतं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं होतं. सक्तीमागून तपासणी यावी हा क्रम योगायोगाचा नाही. मूल ऐच्छिक येत असतं तेव्हा ते आलं नाही तर शाळा गप्प बसू शकते. कायद्याने त्याला आणल्यावर ते का पेंगतं, का खाजवतं, त्याला का दिसत नाही, ही जबाबदारी आणणाऱ्याची होते. इंग्लंडला हे कळायला सक्तीनंतर २७ वर्षं लागली, बडोद्याला तीन.

ब्रिटिश मुलखात मुळात सक्तीच नव्हती. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा मुंबई शहराबाहेरच्या नगरपालिकांसाठी होता. खुद्द मुंबई शहरात १९२५ मध्ये एफ आणि जी या दोन वॉर्डांपुरती सक्ती सुरू झाली. शिक्षणच असं तुकड्यातुकड्यांनी आलं, तर डॉक्टर कुठून यायचा? १९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, म्हणजे सयाजीरावांच्याच जिल्ह्यातले, डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात नोंदवलं की देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला, आणि आमच्या तिसरीच्या वर्गापर्यंत त्यातली वजन-उंचीची पट्टी तेवढी पोचली असावी, असं मला गमतीने वाटतं.

माझा तर्क असा की डॉक्टर आणि नर्स परवडत नव्हते, पण तपासणीची कल्पना पटली होती, म्हणून ती मास्तरांवर आणि बाईंवर पडली. आणि बाईंकडे काय होतं? फूटपट्टी, आणि माझ्यासारखी एक मंत्री. त्यांच्याकडे साबण नव्हता, औषध नव्हतं, चिठ्ठी लिहून पाठवायला दवाखाना नव्हता. इंग्लंडने १९०७ मध्ये जी चूक कायद्यात केली तीच आम्ही कायद्याशिवाय केली. बाईंना दोष देऊन उपयोग नाही. पन्नास मुलांच्या वर्गात त्या आणखी काय करणार होत्या?

पण काही जणींनी वेगळं केलं, आणि तेही आपल्या दाराशी, पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावर. १९४५ मध्ये ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालमंदिर चालवलेलं, दादरला शिशुविहार काढलेला. शहरी बालशिक्षणात त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांना हे खेड्यात करून पाहायचं होतं. सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती हरिजनवाड्यातली मुलं येईनात. तेव्हा यांनी शाळाच वाड्यात नेली, अंगणात, झाडाखाली. तीच पुढे अंगणवाडी या नावाने देशभर गेली.

त्या अंगणातलं पहिलं काम कोणतं, हे इथे महत्त्वाचं आहे. पहिलं काम अंघोळ. बाई येताना तयारीनिशी येत. मुलांची तोंडं धुवायची, नखं काढायची, केस विंचरायचे, डोळ्यांना-खरजेला औषध लावायचं, आणि मग गाणी-गोष्टी. माझ्या सोमवारच्या रांगेशी ताडून बघा. हात पुढे कर, हे वाक्य दोन्हीकडे आहे. पण एका ठिकाणी पुढे केलेल्या हातावर पट्टी पडते, दुसरीकडे तो हात धुतला जातो. तिथेही तपासणी होतच होती. खरूज कुणाला आहे, डोळे कुणाचे चिकटलेत, कोण अशक्त आहे, हे धुणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार? फक्त नाव लिहिण्याआधी काम झालेलं असे. आणि हे आईच्या देखत, तिच्याच अंगणात होई. ‘आरोग्याचे पाठ’ द्यायची गरज फारशी पडत नसे.

हे काम सोपं होतं असा समज नको. दुसऱ्यांच्या मुलांना, त्यातही त्या काळी ज्यांना शिवायचं नाही अशा घरांतल्या मुलांना, उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या बायकांनी अंघोळ घालणं ही दोन्ही बाजूंना धक्का देणारी गोष्ट होती. पुढे १९५७ च्या सुमारास त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मूल जिथे आहे तिथे पुन्हा शाळाच गेली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली तेव्हा नाव अंगणवाडीच राहिलं. त्या पहिल्या ३३ मध्ये आमच्या खाडीपलीकडची धारावी होती. मी पहिलीत होते तेव्हा. खाडीच्या अलीकडे आमच्या रांगेत पट्टीच चालू होती.

नावाबरोबर बोर्डीची ती बादली सगळीकडे गेली नाही, कारण तिच्यात भरायला पाणी लागतं. मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं १८६० मध्ये, विहार तलावातून. विहार साष्टी बेटावर, म्हणजे वांद्रे ज्या बेटावर आहे त्यावर, आणि पाणी जाई शहरात. वांद्रे स्वतः मुंबईच्या पालिकेत आलं १९५० मध्ये. त्यानंतर रेषा शहर आणि उपनगर यांच्यातली न राहता पक्की घरं आणि झोपडी यांच्यातली झाली. झोपडी कोणत्या सालापूर्वीची, हा या शहराचा आवडता प्रश्न. त्या सालानंतरची असेल तर अधिकृत नळजोडणी नाही. मग लांबून हंडे आणायचे, नाहीतर विकत घ्यायचे, आणि ते श्रीमंतांच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडायचे. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्रत्येक मुलाने शाळेत यायचं आणि शाळेत पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असायचं. म्हणजे एकाच मुलीला शाळेत नळाचा हक्क आणि घरी नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण २०२२ चं.

आणि तपासणी? ती आता खूप बदलली आहे. ६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात झाली ती पालघरला. बोर्डी आणि कोसबाड आज त्याच जिल्ह्यात आहेत. सरकारला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं. जन्मजात व्यंगं, कमतरतेचे आजार, इतर रोग आणि वाढीतली मंदी अशा चार गटांत ते बघतात. महत्त्वाचं हे की सापडलेल्या मुलाला पुढे मोफत उपचारांसाठी पाठवणं या योजनेतच लिहिलेलं आहे. हृदयाला भोक असलेली, टाळू फाटलेली मुलं यातून शस्त्रक्रियेपर्यंत पोचली. दर वर्षी जंताच्या गोळ्यांचा दिवस असतो, त्यात तर कुणाला जंत आहेत हे आधी शोधतच नाहीत, सगळ्यांना गोळी. कुणाचंही नाव वाचलं जात नाही. मला ही गोळी फार सभ्य वाटते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आईला विचारलं, माझ्या बाकावरची ती मुलगी तुला आठवते का. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. ती म्हणाली, “मुलीचं नाही आठवत. तिची आई आठवते. रविवारी यायची ना, दोन कळश्या पाणी न्यायला. मुलीचे कपडे धुवायला म्हणायची.” आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो, आमच्याकडे दोन वेळा पाणी असे. मला हे अजिबात ठाऊक नव्हतं. मग काय झालं, असं विचारल्यावर ती जरा थांबली. “खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली, बाहेरच्यांना पाणी देता म्हणून. तुझे बाबा म्हणाले, नको, क्वार्टर सरकारी आहे, उगाच लेखी व्हायचं. तेव्हा बंद केलं. दिवाळीनंतर कधीतरी.”

ती आरोग्यमंत्र्याची वही माझ्याकडे नाही. पण ‘गणवेश’ या सदराखाली तिचं नाव मी लिहू लागले ते दुसऱ्या सत्रात, एवढं मला पक्कं आठवतं.